जांभळा शाम्पू आणि एकशे दोन वर्षांचा विद्यार्थी

मागच्या गॅदरिंगच्या फॅशन शोमध्ये पिवळ्याधमक केसांचा जो प्राणी स्टेजवर चालत आला होता, तो मीच. त्यानंतर हॉस्टेलने मला जी नावं ठेवली त्यातली बरीचशी इथं छापण्यासारखी नाहीत. 'केळीचा घड' हे त्यातल्या त्यात सभ्य. मी मुक्ताईनगरचा, घरी केळीची बाग, त्यामुळे हे नाव चिकटायला अजिबात वेळ लागला नाही.

मासिकासाठी एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहून दे असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी विश्वेश्वरय्यांवर नाहीतर एडिसनवर लिहीन. पण मी लिहिणार आहे मिशेल यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञावर. (उच्चारात चूक असेल तर फ्रेंच येणाऱ्यांनी माफ करावं.) त्याचं कारण माझ्या डोक्यावरच आहे, म्हणून आधी दोन शब्द डोक्याबद्दल.

झालं असं की गॅदरिंगच्या आधी मी समोरच्या केसांना ब्लीच केलं. काळ्या केसांतला रंग असतो मेलॅनिनचा. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड हे मेलॅनिन फोडतं. पण केस काळ्यावरून एकदम पांढरा होत नाही. आधी तांबूस तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी केळाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. ही केळाची उपमा माझी नाही बरं का, जगभरातले हेअर कलरवाले हीच वापरतात. तिथं थांबायचं असतं, कारण त्यापुढे रंगाबरोबर केसही जातो. आणि तिथं थांबलं तरी थोडा पिवळेपणा उरतोच, कारण केस ज्या केराटिनचा बनलेला असतो ते मुळातच जरा पिवळट असतं. माझी गाडी सालीच्या आतल्या बाजूपर्यंत पोचलीच नाही. बाहेरच्या बाजूलाच थांबली.

मग कोणीतरी सांगितलं की यावर जांभळा शाम्पू मिळतो. जळगावला जाऊन तो आणला, मेसच्या पैशांतून. तीन वेळा लावला. हॉस्टेलच्या आरशात पाहिलं तर पिवळेपणा बराच उतरलेला, छान राखाडीकडे झुकलेला रंग. मी खूष. गॅदरिंगला आमच्या ग्रुपचा ड्रेस होता गडद जांभळा कुडता. तो घालून स्टेजवर गेलो आणि फोटोंत पाहतो तर केस पुन्हा हळदीसारखे! आठवडाभर लोक हसले. घरी फोटो पोचले, मेसच्या पैशांचं कळलं, बाबा दोन दिवस फोनवर माझ्याशी बोलले नाहीत. मी ठरवूनच टाकलं होतं की दुकानदाराने नकली माल दिलाय, बाटली त्याच्या काउंटरवर नेऊन आपटायची.

आमच्या डिपार्टमेंटच्या सरांनी मला थांबवलं. कुडता काढून साधा करडा टी-शर्ट घालून ये म्हणाले. आलो. तेच केस, तोच दिवस, तीच खिडकी, आणि रंग पुन्हा उतरलेला. सरांनी हसत एवढंच सांगितलं की दुकानदाराशी भांडण्याआधी शेव्रल वाच, तुझी तक्रार दोनशे वर्षांपूर्वी एकाने सोडवून ठेवलीय.

तर आता शेव्रल.

फ्रान्सच्या पश्चिमेला आंझे नावाचं शहर आहे. तिथं ३१ ऑगस्ट १७८६ रोजी एका डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. तेव्हा गादीवर सोळावा लुई होता. तीन वर्षांनी बास्तील पडली आणि राज्यक्रांती सुरू झाली. त्याच्या लहानपणी त्याच्या गावात गिलोटिन चालू होतं. शाळा-कॉलेजांची घडी विस्कटलेली, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण घरीच. पुढे गावात नव्या पद्धतीचं विद्यालय निघालं, तिथं तो विज्ञान शिकला, आणि १८०३ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, पॅरिसला आला. आपण ज्या वयात बारावीचे मार्क मोजत बसतो त्या वयात हा वोकलँ या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत उभा होता. पुढे याच गुरूच्या जागेवर पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात तो प्राध्यापक झाला. पण त्याला अजून अवकाश होता.

१८११ च्या सुमारास त्याच्या हाती साबणाचा एक नमुना आला, डुकराच्या चरबीचा आणि पोटॅशचा केलेला. कापड कारखान्यात वापरायचा साबण. हे काही मोठं आव्हान नव्हतं, साबण हजारो वर्षं बनत होता. चरबी घ्या, क्षार घाला, उकळा, झाला साबण. चरबी आणि क्षार अख्खे एकमेकांना चिकटतात आणि साबण होतो, असं सगळे मानून चालले होते. शेव्रलने तो साबण पाण्यात विरघळवला तर मोत्यासारखी चमकणारी एक वस्तू खाली बसली. दुसऱ्या कोणी ते गाळ म्हणून टाकून दिलं असतं. त्याने त्यात ॲसिड घातलं आणि त्यातून एक नवंच आम्ल वेगळं काढलं. मोत्याच्या ग्रीक नावावरून त्याला मार्गारिक ॲसिड म्हटलं. मार्गारिन हा शब्द पुढे याच्यावरूनच आला. गंमत म्हणजे हे आम्ल एकच नसून दोन आम्लांचं मिश्रण होतं हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे शेव्रलचंही चुकायचं.

पुढची बारा वर्षं तो चरबीच्याच मागे लागला. डुक्कर, मेंढी, बैल, देवमासा, लोणी, काहीही सोडलं नाही. चरबी ही एकसंध वस्तू नाही, ती ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं यांची जोडणी आहे, क्षार घातला की ती जोडणी सुटते, आम्लं क्षाराला मिळतात आणि तोच साबण, हे त्याने दाखवून दिलं. स्टिअरिक ॲसिड, ओलिइक ॲसिड, लोण्यातलं ब्युटिरिक ॲसिड ही सगळी त्याने वेगळी केली. ग्लिसरीन सापडलं होतं आधीच, शील या स्वीडिश शास्त्रज्ञाला, पण आजचं नाव शेव्रलने दिलं. पदार्थ शुद्ध आहे की नाही हे ओळखायला त्याचा वितळणबिंदू पुन्हापुन्हा तपासायचा, ही पद्धत त्याने इतकी नेटाने वापरली की आपण आजही फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला केशनळी हातात धरून तेच करत असतो. १८२३ मध्ये हे सगळं काम पुस्तकरूपाने आलं.

इथं जरा थांबून मी माझी बाटली उचलली. शाम्पू आणि त्याच्यासोबत फुकट मिळालेला कंडिशनरचा पाऊच, दोन्हींच्या मागचा बारीक मजकूर वाचला. ग्लिसरीन. स्टिअरिक ॲसिड. सेटाइल अल्कोहोल. हे तिसरंही त्याचंच! १८१७ मध्ये देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाला क्षाराबरोबर तापवून त्याने ते मिळवलं होतं. (आता ते बहुतेक पामतेलातून काढतात, देवमाशांनी काळजी करू नये.) हॉस्टेलच्या बाथरूममध्ये उभं राहून मी एका माणसाची यादी वाचत होतो, आणि अजून रंगापर्यंत पोचलोच नव्हतो.

चरबीच्या कामातून पैसे मिळवायचाही त्याने प्रयत्न केला. त्या काळी मेणबत्त्या चरबीच्या असत. धूर, वास, आणि जरा ऊन पडलं की वाकड्या. स्टिअरिक ॲसिडची मेणबत्ती कडक, पांढरी आणि बिनवासाची होते हे लक्षात आल्यावर त्याने १८२५ मध्ये पेटंट घेतलं. भागीदार कोण, तर वायूंच्या नियमात आपल्याला भेटणारा गे-लुसाक. असे दोन दिग्गज एकत्र येऊनही धंदा बसला! प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात परवडेना. काही वर्षांनी दुसऱ्यांनी चुन्याने चरबी फोडायची स्वस्त रीत आणि नीट जळणारी विणलेली वात वापरून त्याच मेणबत्त्यांवर पैसा केला. लहानपणी लोडशेडिंगमध्ये ज्या मेणबत्त्यांच्या उजेडात आम्ही पाढे पाठ केले, त्यांतही थोडंफार स्टिअरिक ॲसिड असायचंच. केमिकलवाल्यांना प्रोसेस इकॉनॉमिक्सच्या तासाला हे उदाहरण सांगण्यासारखं आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याची नेमणूक झाली होती गोबलँच्या कारखान्यात, रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून. गोबलँ म्हणजे राजाचा कारखाना. भिंतीवर टांगायचे भलेमोठे चित्रमय गालिचे तिथं विणले जात. एकेका गालिच्यावर कारागीर वर्षानुवर्षं बसत, त्यामुळे लोकरीचा रंग बिघडला तर वर्षांची मेहनत वाया. शेव्रल आला तेव्हा तक्रारींचा ढीग तयारच होता. फिकट निळे, जांभळे, करडे रंग उडतात. आणि काळा रंग दमदार नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांची सावली दाखवायला काळी लोकर घातली की ती फिकी, विटकी दिसते.

रंग उडण्याच्या तक्रारी त्याने तपासल्या, त्यांत तथ्य निघालं. ते रंगाईतले दोष होते, त्यांच्यावर काम सुरू झालं. पण काळ्याचं कोडं सुटेना. रंगाऱ्यांना झापणं सगळ्यात सोपं होतं. वरिष्ठ नवा, रंगारी जुने, दोष त्यांच्या माथी मारला असता तर कोणी विचारलंही नसतं. शेव्रलने फ्रान्समधल्या आणि बाहेरच्या उत्तमोत्तम रंगशाळांतून काळी लोकर मागवली आणि गोबलँच्या काळ्याशेजारी ठेवून पाहिली. गोबलँचा काळा कुठंच कमी नव्हता. मग तो गालिच्यात गेल्यावरच का विटतो?

याचं उत्तर त्याला कढईत मिळालं नाही. ते होतं बघणाऱ्याच्या डोळ्यात. गडद निळ्याशेजारी काळा ठेवला की डोळा त्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढवतो. जांभळ्याशेजारी ठेवला की पिवळी झाक. काळ्यावर नारिंगी-पिवळी झाक आली की तो गंजलेला, धुवून धुवून गेलेला दिसणारच. रंगारी निर्दोष होते. शेजारी चुकला होता.

आता माझा जांभळा कुडता आठवा.

दोन रंग शेजारी ठेवले की प्रत्येक जण दुसऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो, आणि मुळातच एकमेकांच्या विरुद्ध असलेले रंग शेजारी आले की दोघंही जास्त भडक दिसतात. पण तेच विरुद्ध रंग एकमेकांत मिसळले तर दोघंही मरतात आणि उरतो करडा. शेजार वेगळा, मिश्रण वेगळं. हे दोन परिणाम अगदी उलट आहेत आणि त्यांची गल्लत करायची नाही, यावर शेव्रल पानंच्या पानं खर्च करतो. मी एका आठवड्यात दोन्ही केले होते. बाथरूममध्ये जांभळा रंग पिवळ्या केसात मिसळला आणि पिवळा मेला. स्टेजवर तोच जांभळा केसांच्या शेजारी नेऊन ठेवला आणि उरलासुरला पिवळा बोंबलत उठला.

विश्वास बसत नसेल तर रूमवर करून बघा. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापा. एक पिवळ्या फाइलवर ठेवा, एक जांभळ्या. दोन्ही फाइली जवळजवळ ठेवून पाहा. पिवळ्यावरचा तुकडा जांभळट दिसेल, जांभळ्यावरचा पिवळट. रूम पार्टनर शपथेवर सांगेल की कागद वेगवेगळे आहेत.

शाम्पू नेमकं काय करतो तेही सांगून टाकतो, कारण गॅदरिंगनंतर निदान पाच जणांनी मला गुपचूप विचारलंय. त्यात ब्लीच नसतं, तो केस उजळ करत नाही. साबणाच्या कामासोबत तो केसाच्या पृष्ठभागावर जांभळ्या रंगाचा अगदी पातळ थर ठेवून जातो. माझ्या बाटलीवर त्या रंगाचा क्रमांक होता सीआय ६०७३०, अँथ्राक्विनोन कुळातला. केसातला पिवळेपणा निळा-जांभळा प्रकाश शोषतो, हा थर पिवळा प्रकाश शोषतो, दोघं मिळून सगळीकडून सारखाच प्रकाश कमी होतो, म्हणून केस करडा-पांढरट दिसतो. थोडा अंधारतोही. काळ्या केसावर काहीच दिसत नाही, तिथं आधीच सगळा प्रकाश खाल्ला गेलेला असतो. नारिंगी राहिलेल्या केसावरही जांभळा चालत नाही, नारिंगीच्या समोर निळा लागतो. माझ्या कानाजवळचे चार-दोन पट्टे त्यामुळेच शेवटपर्यंत तसेच राहिले. आणि दोन-तीन मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवला, तर ब्लीचने पोकळ झालेली टोकं जास्त रंग पितात आणि जांभळी होतात. एक बारीक मुद्दा मेकॅनिकलच्या मित्राने काढला म्हणून सांगतो. शेव्रलचं चक्र लाल, पिवळा, निळा धरून आहे, त्यात पिवळ्यासमोर जांभळा येतो. आपल्या मॉनिटरच्या हिशेबात पिवळ्यासमोर निळा येतो. बाटलीतला रंग प्रत्यक्षात या दोघांच्या मध्ये, निळसर जांभळा असतो. भांडण मिटलं.

शेव्रलने आपला शोध १८२८ मध्ये अकादमीपुढे मांडला, पण पुस्तक यायला १८३९ उजाडलं. रंगीत तक्त्यांशिवाय पुस्तक छापण्यात अर्थ नव्हता आणि रंगीत छपाई भयंकर महाग होती. पुस्तक जाडजूड आहे. मी त्याच्या इंग्रजी भाषांतराची काही प्रकरणं वाचली, आणि खरं सांगायचं तर माणूस लिहायला कंटाळवाणा. एकच गोष्ट चार वेळा सांगतो. पण हाताळले किती विषय! गालिचे, चित्रं, नकाशे, सैनिकांचे गणवेश, थिएटरच्या खुर्च्यांचं कापड, बागेत कुठल्या फुलाशेजारी कुठलं फूल. आणि चक्क केससुद्धा. सोनेरी केस म्हणजे मूळचा नारिंगीच, फक्त दबलेला, असं त्याचं म्हणणं. म्हणून सोनेरी केसांच्या बायकांना आकाशी निळा खुलतो, केसांचा रंग उठून येतो. ज्याला तो रंग मिरवायचाय त्याच्यासाठी हा सल्ला. मला लपवायचा होता आणि मी नेमका उलट नियम पाळला.

त्याने रंगांचं एक चक्र केलं, ७२ भागांचं. प्रत्येक रंगाच्या फिकटापासून गडदापर्यंत २० पायऱ्या, त्यांत काळा मिसळून होणारे आणखी प्रकार, असं करत मोजणी १४ हजारांच्या वर गेली. उद्देश साधा होता. रंगाऱ्याला तोंडी सांगून समजत नाही, नंबर सांगा. आज डिझाइनवाले रंगाला कोड देतात, त्याचं हे फार जुनं रूप. चित्रकारांनी हे काम उचललं. जॉर्ज सरा या तरुण चित्रकाराने शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्रं काढायची पद्धत बसवली, तिच्यामागे शेव्रलचा अभ्यास होता. शेव्रल स्वतः चित्रकार नव्हता. तो फक्त काळ्या लोकरीची तक्रार निस्तरायला निघाला होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याकडे फार लागू आहे. दोऱ्याला अंगठी बांधून ती पाऱ्यावर धरली की आपोआप झुलायला लागते, हा त्या काळचा लाडका चमत्कार. शेव्रलने १८१२ मध्ये स्वतः धरून पाहिली. खरंच झुलली! मध्ये काच ठेवली तर थांबली. म्हणजे पाऱ्यातून काही शक्ती निघते असं म्हणायला मोकळे. त्याने पुढे डोळे बांधून घेतले आणि काच दुसऱ्याला त्याच्या नकळत ठेवायला-काढायला सांगितली. चमत्कार बंद. डोळ्यांना हालचाल दिसली की हात नकळत तिला साथ देतो, धरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १८३३ मध्ये हे त्याने पत्ररूपाने अँपिअरला लिहून प्रसिद्ध केलं. हो, तोच करंटवाला अँपिअर. पुढे टेबलं फिरवून आत्मे बोलावण्याचं खूळ आलं तेव्हा १८५४ मध्ये त्याने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या काठीचाही समाचार घेतला. आमच्या भागात बोअर घेण्याआधी नारळ हातावर ठेवून पाणी बघणारे अजून येतात. नारळ उभा राहताना मी स्वतः पाहिलाय. ते सगळेच लबाड असतात असं मला आता वाटत नाही. त्यांचे डोळे कोणी बांधून पाहिले नाहीत, एवढंच.

मधली वर्षं मानसन्मानाची. १८२६ मध्ये अकादमीचं सभासदत्व, १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक, पुढे संग्रहालयाचं संचालकपद. १८६२ मध्ये पत्नी वारली, त्यानंतर तो बहुतेक कामातच बुडालेला. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, संग्रहालयाच्या आवारात तोफगोळे पडले. तेव्हा हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. पळाला नाही. गोळाफेकीचा रीतसर लेखी निषेध नोंदवला आणि पुन्हा कामाला लागला.

नव्वदीनंतर त्याने म्हातारपणाचाच अभ्यास सुरू केला, नमुना घरातच उपलब्ध होता. एवढं होऊनही तो स्वतःला फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांतला सगळ्यात जुना विद्यार्थी म्हणवून घ्यायचा. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी त्याला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा पॅरिसमध्ये सार्वजनिक उत्सव झाला. नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्याच्याशी गप्पा मारल्या आणि गप्पा चालू असताना नादारच्या मुलाने फोटो काढले. छायाचित्रांसह घेतलेली ती पहिली मुलाखत मानतात. त्या फोटोंत म्हातारा हातवारे करतोय, डोक्यावर पांढरेशुभ्र केस विस्कटलेले. फोटो कृष्णधवल आहेत, त्यामुळे केस खरंच शुभ्र होते की पिवळट ते कळायला मार्ग नाही. मी बराच वेळ बघत बसलो होतो.

तेव्हा पॅरिसमध्ये आयफेल टॉवरची तयारी चालली होती. राज्यक्रांतीला शंभर वर्षं झाली म्हणून. आयफेलने टॉवरवर ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली, त्यांत शेव्रलचं आहे. यादीतले जवळजवळ सगळे तोवर वारलेले, हा मात्र जिवंत! (७२ नावं आणि ७२ भागांचं चक्र, हा निव्वळ योगायोग. पण मला आवडला.) ३१ मार्च १८८९ रोजी टॉवर पुरा झाला. ९ एप्रिलला शेव्रल गेला. वय वर्षं एकशे दोन. राज्यक्रांतीच्या आधी जन्मलेल्या या माणसाला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला.

परीक्षेनंतर मी भुसावळ-वरणगाव मार्गे एस.टी.ने घरी गेलो, उरलेली अर्धी बाटली बॅगेत. तोवर मी केस कापून बारीक केले होते, बाबांशी बोलणं सुरू झालं होतं, पण बाटलीची किंमत त्यांच्या डोळ्यांत अजून दिसत होती. आजीने ती बाटली पाहिली, झाकण उघडलं, बोटावर थेंब घेतला आणि लगेच ओळखलं. ही तर नीळ. आजोबांच्या धोतराला आणि टोपीला शेवटच्या पाण्यात ती आयुष्यभर नीळ देत आलीय. कमी पडली तर धोतर पिवळं, जास्त पडली तर निळं, आणि निळ्या धोतरात वारीला जाणं आजोबांना मान्य नाही. मी तिला सांगितलं की नीळ म्हणून जी पूड मिळायची ती अल्ट्रामरीन, आणि ती कारखान्यात बनवायची युक्ती गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने १८२६ च्या सुमारास शोधली, शेव्रलच्याच काळात. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मिश्रणाचा नियम तिला पुस्तकाशिवाय येत होता.

जेठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. आजोबांची ही कितवी वारी ते त्यांनाच ठाऊक, गावाला ते अजून एदलाबादच म्हणतात. त्यांचे केस पांढरे, पण उन्हाने आणि बोअरच्या पाण्याने जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट झालेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हळूच हाक मारली आणि त्या बाटलीतलं आपल्याला चालेल का म्हणून विचारलं. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. मी मोरीत पाट मांडला, आजीने तिच्या अंदाजाने पाण्यात चमचाभर शाम्पू घातला, मी मोबाईलवर दोन मिनिटं लावली. दीड मिनिटालाच आजीने धुवायला सांगितलं. तिचं बरोबर होतं. पुसल्यावर केस कापसासारखे निघाले. बाबांनी आतून आरसा आणून आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी बराच वेळ आरशात पाहिलं, मान डोलावली, आणि डोक्यावर टोपी घातली. पंढरपूरहून परत येईपर्यंत ती काही निघाली नाही.